धाग्यातलं स्पंदन

चटई

बोधिप्रभा विहारात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती, तरी लोक येतच होते. एरवी नाशिकरोडच्या या वस्तीत रविवारच्या वंदनेला दोन रांगा भरल्या तरी समितीला धन्य वाटायचं. आज चपलांचा ढीग पायऱ्या उतरून रस्त्यावर आला होता आणि रस्त्यावरून वडापावच्या गाडीखाली शिरला होता. देवळाली कॅम्पातून रिक्षा भरून येत होत्या. मनमाडहून तर पॅसेंजरनं अख्खं वऱ्हाड वाटावं एवढी माणसं उतरली होती. कमरेचे पट्टे, एक्स-रेची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, म्हातारेकोतारे.

आत फरशीवर चटया, चटयांवर पांढऱ्या चादरी, आणि कलशातलं पाणी शिंपडून शिंपडून त्या चादरी चिंब. ‘शीतल भूमी, शीतल मन,’ असं भन्तेजींचं म्हणणं. चैत्राच्या उकाड्यात ते कुणाला वाईट लागणार होतं? चादरींवर माणसं मांडी घालून बसलेली आणि त्यांच्या हातांतून, एकाच्या मुठीतून दुसऱ्याच्या मुठीत, एक पांढरा धागा गेलेला.

धागा नवा नव्हता. परित्राण पाठ म्हटला की बुद्धमूर्तीपासून पांढरं सूत निघतं, पाण्याच्या कलशाला वेढा घेतं आणि जमलेल्या प्रत्येकाच्या हातातून फिरतं. पाठ संपला की तेच तोडून मनगटांना बांधतात. श्रीलंकेपासून थायलंडपर्यंत हीच रीत आणि नाशिकरोडलाही हीच. नवा होता तो ठोका.

उंच आसनावर भन्तेजी, म्हणजे भदन्त अभयरंसी, लाकडी मासा वाजवत होते; माशाच्या आकाराचं पोकळ वाद्य, काठीनं ठोकायचं. टॉक. आणि धाग्यातून काहीतरी यायचं. पेरांत बारीक डंख, मनगटात छोटीशी उडी. टॉक, उडी. टॉक, उडी. वाऱ्यानं पीक हलावं तशी सगळी रांग एका तालात हलत होती.

तेजस्विनी पगारेच्या मनगटातही ती उडी उडाली, हे आधीच सांगितलेलं बरं. देवळाली कॅम्पातल्या ज्युनिअर कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची आणि बुवाबाबांच्या नावानं नाक मुरडण्यात तिचा हात कुणी धरला नसता. ती आली होती ती धाकट्या भावासाठी. जीवन हा विहार समितीचा सचिव. त्यानंच भन्तेजींना आणलं होतं आणि महिनाभर ताईचं डोकं खाल्लं होतं. पहिल्या ठोक्याला तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्याला डोळे भरले. तिसऱ्याला राग आला, पण कशाचा ते कळेना.

“मी काहीच करत नाही, उपासकांनो,” भन्तेजी माइकवर म्हणाले. आवाज रात्रीच्या रेडिओवरच्या निवेदकासारखा, गुळगुळीत. “मी मध्ये नाहीच. अडीच हजार वर्षांपूर्वी एका हृदयात करुणा धडधडली. तिची फ्रीक्वेन्सी विश्वात अजून आहे. तुमचा मोबाइल टॉवर पकडतो की नाही? मन निर्मळ असेल तर रेंज येते. हे करुणास्पंदन आहे. हा चमत्कार नाही. हे विज्ञान आहे.”

साधू, साधू, साधू.

आसनापुढच्या चौरंगावर सबंध आशिया मांडला होता. चीवर थायलंडचं, मासा जपानचा, घुमणारं पितळी भांडं तिबेटचं, धागा श्रीलंकेतल्या कुठल्याशा डोंगरातल्या मठाचा आणि तपश्चर्या ब्रह्मदेशातल्या जंगलातली. ज्या मठात मासा वाजतो तिथे असलं चीवर नसतं आणि जिथे असलं चीवर असतं तिथे मासा वाजत नाही, एवढं तेजस्विनीलाही माहीत होतं. पण दिसणारे नियम मात्र भन्तेजी काटेकोर पाळायचे. दुपारी बाराच्या आत जेवण. गृहस्थांपेक्षा उंच आसन. बाईचा स्पर्श नाही; बाईच्या हातून फूलसुद्धा घ्यायचं तर समोर रुमाल पसरायचा, तिनं रुमालावर ठेवायचं. बायकांना ते फार आवडायचं.

खुर्ची

ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी मागे भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. ओल्या फरशीवर घसरू नयेत म्हणून त्यांच्याखाली रबरी मॅट. तिथे मोतीरामकाका बसले होते. विहाराची पहिली वीट ज्यांनी रचली त्यांतले ते एक. रेल्वेतून निवृत्त, गुडघे कामातून गेलेले.

पाठ संपल्यावर काका उभे राहिले आणि सरळ म्हणाले, की भन्तेजी, धागा धरला होता, पण मला काही लागलं नाही.

भन्तेजी हसले. “आसन उंच, मान उंच. स्पंदन पाण्यासारखं असतं काका, उताराकडं वाहतं. आधी मान खाली घ्या.”

सगळे हसले. काकाही हसले, कारण दुसरं काय करणार? पुढच्या रविवारी ते आले नाहीत.

पुढच्या रविवारी त्याच खुर्चीवर भिमाबाई बसल्या. तेजस्विनीची आणि जीवनची आई. वर्षापूर्वी भाजी घेताना बाजारात त्या उभ्याच्या उभ्या कोसळल्या. हृदय मध्येच थांबायचं. छातीत पेसमेकर बसवला तेव्हापासून पुन्हा पडल्या नव्हत्या. त्यांनाही काही लागलं नाही. भन्तेजींनी तेच वाक्य, तेच हसू काढलं; फक्त काकांच्या जागी आई म्हणाले.

घरी आल्यावर भिमाबाई साडी न बदलता पलंगावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “मी मानी हाय का गं, तेजू?”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्यांम्होरं सांगितलं. तुझ्या बापाबरोबर मोर्चात रस्त्यावर बसलेली बाई मी. डांबर तापलेलं असायचं. तवा कोणी खुर्ची दिली नव्हती, अन् मी मागितली बी नव्हती.”

तेजस्विनीनं तिला समजावलं की तुझे गुडघे, तुझी छाती, डॉक्टरांनीच खुर्ची सांगितलीय. आईनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखी साडी बदलायला उठली.

त्याच संध्याकाळी समितीच्या ग्रुपवर जीवननं घोषणा टाकली. वैशाखी पौर्णिमेला महापरित्राण. हृदयविकार असलेल्यांना पहिल्या रांगेत, आसनाच्या अगदी पायाशी बसवलं जाईल. ‘ज्यांच्या छातीत यंत्र आहे त्यांचं यंत्र शांत होईल आणि हृदय स्वतः बोलू लागेल, असं पूज्य भन्तेजींचं आश्वासन आहे.’ खाली फुलं, जोडलेले हात, निळे झेंडे, आणि ज्याचं त्याचं दुखणं. कुणाची कंबर दोन वर्षांनी मोकळी झाली होती. कुणाची साखर उतरली होती. कुणाच्या सुनेनं उलट बोलणं बंद केलं होतं. ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांनी काही लिहिलं नव्हतं, आणि न लिहिलेलं कुणी वाचत नाही.

भिमाबाईंनी जीवनच्या यादीत अंगठा टेकवून आपलं नाव दिलं. चटईवर बसणार, असंही कळवलं.

ओटा

चटईवर लागतो, खुर्चीवर लागत नाही.

तेजस्विनी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी होती. वर्गात हे वाक्य एखाद्या पोरानं म्हटलं असतं तर तिनं लगेच विचारलं असतं, की दोन्हींत फरक काय? मन निर्मळ असण्याचा फरक तिथे कुणी लिहिला असता तर शून्य दिलं असतं. फरक ओलाव्याचा होता. फरक प्लास्टिकचा आणि रबराचा होता. अनवाणी पाय तर दोन्हीकडे सारखेच. कारण विहारात कुणी चप्पल घालून येत नाही.

तिनं मनगटावरचा धागा सोडला आणि गॅसवर धरला. सूत जळतं तेव्हा कागदासारखा वास येतो आणि राख पडते. हा धागा आक्रसला, वितळला, त्याचा काळा मणी झाला. मण्यातून केसापेक्षा बारीक अशा चकचकीत तारा बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उरलेल्या तुकड्याला मीटर लावला. वीज त्यातून बिनबोभाट जात होती.

असला धागा तिनं पाहिला होता. लासलगावजवळ मावशीच्या मळ्याभोवती, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेनं, खांबाखांबाला बांधलेला. तिथे तिनं हात लावला होता आणि मावशी घरातून ओरडत धावली होती. झटका मशीन. रानडुकरं येऊ नयेत म्हणून. मशीन टक् टक् करत राहतं आणि प्रत्येक टक्‌ला कुंपणात एक झटका सोडतं. मारत नाही, दचकवतं.

टक् टक्. म्हणून मासा. त्या आवाजावर आवाज घालायला जपान इथपर्यंत आणला होता.

तिनं आईच्या डॉक्टरांना फोन केला. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. पेसमेकर हृदयाचे ठोके ऐकत असतो, ते म्हणाले. बाहेरचा झटका छातीतून गेला तर त्याला वाटू शकतं की हृदयच चाललंय. मग तो गप्प बसेल. आणि तुमच्या आईच्या बाबतीत तो गप्प बसून चालणार नाही.

यंत्र शांत होईल. भन्तेजींच्या सगळ्या बडबडीत एवढंच एक वाक्य खरं निघण्याची शक्यता होती.

मोटरसायकल

जीवन फाटकाशी मोटरसायकलवर बसूनच बोलला. उतरला नाही. मांडव, पाणी, मनमाडची माणसं, सगळं त्याच्या डोक्यावर होतं.

“ताई, तू आता धागे पण जाळणार?”

“जाळला. आत तार आहे.”

“असेल. श्रीलंकेत तसाच करत असतील.”

“आणि ठोका कुठून येतो?”

“तुलाही लागला होता ना?”

“लागला.”

“मग झालं तर.”

“लागला म्हणूनच विचारतेय, जीवन. लागला नसता तर कशाला विचारलं असतं?”

त्यानं हेल्मेट चढवलं. “आपण काय नारळ फोडतोय? लिंबू कापतोय? अंगात आणतोय? हे मेडिटेशन आहे. बुवाबाजीची कावीळ झालीय तुला. बुद्धजयंतीच्या तोंडावर वस्तीची शोभा करू नकोस.”

हीच ती चूक, आणि ती दुसऱ्या कुठल्या वस्तीला इतकी सहज जमली नसती. या वस्तीनं भगत हाकलले होते, अंगात येणारी बाई पाणी ओतून शुद्धीवर आणली होती, ताईत गटारात टाकले होते. त्याचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा. पण अभिमानाचं हळूहळू प्रमाणपत्र झालं. आपल्याला आता फसवता येत नाही, असं वस्तीनं स्वतःला लिहून दिलं. नारळ, लिंबू, अंगारा यांना पुढच्या दारावर सात कुलपं. आणि मागची भिंतच नाही. तिथून चीवर घालून, देवाचं नाव न घेता, ‘फ्रीक्वेन्सी’ म्हणत जो येईल त्याला थेट आसन.

आईशी बोलणं तर त्याहून कठीण गेलं. तेजस्विनीनं मण्यातली तार दाखवली, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, लासलगावच्या कुंपणाची आठवण दिली. भिमाबाई सगळं ऐकून म्हणाल्या, “डॉक्टर तुझा. छाती माझी.”

“अगं पण—”

“कुशीवर वळलं की हाताला लागतं ते. पाहुणा येऊन बसलाय अन् उठंना, असं वाटतं. तुला काय कळायचं? अन् मी खाली नाय बसले तर लोक काय म्हणतील? भिमाबाईला खुर्ची सोडवत नाय.”

म्हणजे दुखणं पेसमेकरचं नव्हतंच. बिचाऱ्या पेसमेकरनं तिला वर्षभर उभं ठेवलं होतं. दुखणं त्या एका हसण्याचं होतं. मान उंच, असं म्हणून त्या माणसानं एका बाईच्या सबंध आयुष्यावर पाणी ओतलं होतं, आणि आता तीच बाई त्या ओल्या चादरीवर बसून आपण मानी नाही हे सिद्ध करणार होती. जिवावर बेतलं तरी.

मशीन पळवावं, असंही तेजस्विनीच्या मनात आलं. पण भन्तेजी आपली पेटी स्वतः आणत, स्वतः आसनाखाली सरकवत आणि वरून झालर सोडत. आणि पळवलं तरी काय? स्पंदन रुसलं, असं म्हणाले असते. लोकांनी तेही ऐकलं असतं. जे करायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायला हवं होतं.

आसन

पौर्णिमेच्या सकाळी विहार पंचशील ध्वजांनी भरला होता. माणसं खिडक्यांत बसली होती. पहिल्या रांगेत, आसनाच्या पायाशी, ओल्या चादरीवर भिमाबाई. दोघींनी धरून बसवलं तेव्हा गुडघ्यांतून आलेली कळ त्यांनी ओठ मिटून आत ठेवली. तेजस्विनी त्यांच्या मागेच बसली. गरज पडली तर आईला काखेत हात घालून ओढायचं, एवढं तिनं ठरवलं होतं.

भन्तेजींनी धाग्याचं रीळ आधी मागच्या रांगांकडे सोडलं. “मागून पुढे या. करुणेचा पूर मागून येतो,” ते म्हणाले. टोक भिमाबाईंसमोर पिंपळाच्या पानावर ठेवलं होतं. शेवटी, खूण झाली की, ते हृदयविकाराच्या मंडळींनी उचलायचं. मग भन्तेजींचा एक हात झालरीत गेला आणि दुसऱ्यानं मासा सुरू झाला.

टॉक. मागच्या रांगा शहारल्या. आज ठोका मोठा होता. गर्दीच्या मानानं वाढवलेला. कुणीतरी हुंदका दिला.

तेजस्विनी ओंजळीत फुलं घेऊन उठली आणि आसनाकडे गेली. भन्तेजींनी मासा न थांबवता डाव्या हातानं रुमाल पसरला. तिनं फुलं रुमालावर ठेवली नाहीत. तिनं हात सरळ माशाच्या काठीकडे नेला.

त्या माणसाला दोनच मार्ग होते: काठी घट्ट धरायची आणि भरसभेत बाईच्या हाताला हात लागू द्यायचा, नाहीतर सोडायची. त्यानं चटका बसल्यासारखी सोडली. तेजस्विनीनं काठी उचलली, मासा काखेत घेतला आणि वळून उभी राहिली.

विहार चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत आसनाखालून आवाज आला. टक्. मागच्या रांगा शहारल्या. टक्. पुन्हा शहारल्या.

आता कळेल, असं तिला वाटलं.

भन्तेजींनी डोळे मिटले. “पाहिलंत, उपासकांनो?” ते हळुवार म्हणाले. “मासा थांबला. करुणा थांबली नाही. तुम्ही आता धरणीमातेचं हृदय ऐकत आहात.”

साधू, साधू, साधू. आधीपेक्षा मोठ्यानं. कुणी तेजस्विनीला खाली बस म्हणालं, कुणी त्याहून वाईट. जीवन मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती आपली कुणी लागत नाही. तिच्या काखेतला मासा जड झाला. सगळ्यांसमोर उघड करण्याचा बेत सगळ्यांसमोर बुडाला होता. तिच्या पुराव्याचा त्या माणसानं एका वाक्यात प्रसाद करून वाटला होता.

“आता पुढच्या रांगेनं धागा घ्यावा,” भन्तेजी म्हणाले.

तेजस्विनी आईकडे झेपावणार होती. पण भिमाबाईंनी हात पुढे केला नव्हता. त्या वर पाहत होत्या.

“भन्तेजी,” त्या म्हणाल्या, “मला भ्या वाटतंय.”

“भीती हाच मान, आई. सोडा आणि धरा.”

“धरते की. पण तुमी माझ्या शेजारी बसा. हितं. तुमी धरलं की मी बी धरते.”

त्यात टोमणा नव्हता. नवस नव्हता, हुशारी नव्हती. घाबरलेलं माणूस दुसऱ्याचा हात मागतं, तसं तिनं मागितलं होतं. मागच्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, बसा हो भन्तेजी, म्हातारीला धीर येईल.

“भिक्खू गृहस्थांच्या बरोबरीनं बसत नाही.”

“मंग उभं राहून धरा.”

“आई, स्पंदन माझ्यातूनच येतं. मी वेगळं धरायचं कशाला?”

“तुमीच त्या दिशी म्हणले, मी मध्ये नाहीच म्हणून.” भिमाबाई विचारात पडल्यासारख्या बोलत होत्या. “अन् स्पंदन उताराकडं वाहतं, हे बी तुमीच म्हणले. मंग एवढ्या उंचावर तुमाला कसं लागत आसंल? एक पायरी हाय. या की.”

भन्तेजी हलले नाहीत. त्यांनी पाय चीवराखाली अधिकच ओढून घेतले. ते सगळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि भोजनाची वेळ टळत असल्याचं सांगितलं. भिक्खूला उपाशी ठेवण्याचं पाप कुणी घेत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण बाराला अजून बराच अवकाश होता, आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी भाबडेपणानं ओरडलं की भात अजून लावायचाय.

टक्. टक्.

आसनाखाली

झालर जीवननं उचलली.

कुणी सांगितलं नाही. तो खांबापासून निघाला, आईच्या शेजारून गेला, वाकला. आत भन्तेजींची पेटी होती. झाकण उघडं. पेटीत हिरवा डबा, एक बॅटरी, दोन वायरी. डब्यावर रानडुक्कर आणि माकड यांची चित्रं आणि खाली लिहिलेलं, की मोकाट जनावरांपासून पिकाचं संरक्षण.

जीवननं ते मोठ्यानं वाचलं. 

एक वायर पांढऱ्या धाग्याला जोडली होती. दुसरी चादरीखाली गेली होती. त्यानं चादर ओढली तशी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली बारीक जाळी चटईभर पसरलेली दिसली. तेजस्विनीनं डब्याचं बटण बंद केलं. टक् थांबलं. धरणीमातेचं हृदय बंद पडलं आणि धरणीला त्याचं काही वाटलं नाही.

मग तिनं माइक घेतला आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. झटका धाग्यातून हातात येतो, अंगातून ओल्या चादरीत उतरतो आणि जाळीतून परत मशीनकडे जातो. मधला रस्ता म्हणजे आपण. खुर्चीखाली रबर, म्हणून तिथला रस्ता तुटलेला. काकांची मान कुठे होती याच्याशी संबंध नाही. यांचं आसन कोरड्या लाकडाचं आणि फोमचं, म्हणून हे वर. बरीच माणसं धरतात तेव्हा झटका वाटला जातो. मागच्यांनी सोडून दिला असता तर उरलेला सगळा पहिल्या रांगेच्या छातीतून गेला असता. पहिल्या रांगेत कोण बसलंय ते बघा. आणि दुखणं थांबलं म्हणाल, तर दुखणं चढतं आणि उतरतं. चढलेलं असतं तेव्हा आपण इथे येतो, उतरतं तेव्हा याचे आभार मानतो.

भदन्त अभयरंसींनी मी तुमच्या श्रद्धेची परीक्षा घेत होतो, असं सुरू केलं. काही तरुण पुढे सरसावले तेव्हा मागून मोतीरामकाकांचा आवाज आला. अंगाला हात लावायचा नाही; कायदा आहे, पोलीस येतील, पेटीला पण कुणी हात लावू नका. काका कधी आले होते कुणाला कळलं नव्हतं. ते दरसाल श्रामणेर शिबिरात, काही दिवसांपुरते भिक्खू होऊन, चीवर घालून बसणारे गृहस्थ. अंगी नसलेली सिद्धी आहे म्हणून सांगणारा भिक्खू त्या क्षणीच भिक्खू राहत नाही, ते म्हणाले. चीवर मग नुसतं कापड. हा नियम सगळ्या देशांत एकच आहे, थायलंड घ्या नाहीतर ब्रह्मदेश.

“माहीत होतं, तर तेव्हा बोलला का नाहीत, काका?” तेजस्विनीनं विचारलं.

“मला मानी म्हणून बसला होता ना तो. त्यावर तोंड उघडलं की माणूस मानीच दिसतो.”

पोलिसांची गाडी येईपर्यंत निम्मा विहार रिकामा झाला. काही लोक रडत गेले, काही चिडून. चिडले ते तेजस्विनीवर. मनमाडच्या एका आजोबांनी जाता जाता जीवनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की पोरा, ते मशीन कुठं मिळतं, गुडघ्याला बरं वाटत होतं. मूर्खपणा एका सकाळीत मरत नाही. त्याला रोज थोडं थोडं मारावं लागतं.

उरलेल्यांना तेजस्विनीनं एवढंच सांगितलं. दर रविवारी आपण धम्मवंदना म्हणतो. तिच्यात ‘एहिपस्सिको’ येतं. या आणि स्वतः बघा. जगातल्या कुठल्या वंदनेत आधी तपासून घ्या असं म्हटलंय? ते आपल्याकडं होतं, तोंडपाठ होतं, आणि आपण आलो, बसलो, बघितलं नाही. देव नाही म्हटलं की अंधश्रद्धा संपली, असं समजू नका. विज्ञान हा शब्द वापरतो त्याला प्रयोग करून दाखवायला सांगा. लागलं तर कुठून लागलं ते शोधा. आणि जो वर बसून सांगतो, त्याला आधी खाली बोलवा.

तपासणीचं टेबल

दवाखान्यातल्या टेबलावर भिमाबाई पडल्या होत्या. भन्तेजींच्या नादात चुकवलेली तपासणी आज होती. जीवन दाराशी उभा. आईच्या नजरेला नजर द्यायला त्याला अजून काही दिवस लागणार होते. टेक्निशियननं तबकडीसारखं काहीतरी त्यांच्या छातीवर ठेवलं आणि पडद्यावर रेघा धावू लागल्या.

“हे काय करतंय?” भिमाबाईंनी विचारलं.

“पेसमेकर तपासतोय, आजी. सगळं ठीक आहे. बॅटरी उत्तम.”

“ते नाय. ह्याला छातीच्या बाहेरून कसं कळतं आत काय चाललंय?”

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. बाहेर रांग होती. “ते जरा टेक्निकल आहे, आजी. तुम्हाला कळायचं नाही.”

भिमाबाईंनी तबकडीवर हात ठेवला, त्या हात काढेपर्यंत टेक्निशियनला ती उचलता येऊ नये असा.

“मंग कळंल असं सांग,” त्या म्हणाल्या. “मला घाई नाय.”